त्रेचाळीस सह्या आणि लंकाबाईंचा गुडघा

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

ही डायरी खताच्या दुकानदारानं नानांना दिलेली. प्रत्येक पानाच्या तळाशी एक सुविचार आणि एका कीटकनाशकाची जाहिरात. आजचा सुविचार : 'संयमाचे फळ गोड असते.' त्याखाली मावा आणि तुडतुड्यांवर रामबाण उपाय. मला तुडतुडे झालेले नाहीत, पण डोकं मात्र पार फिरलंय, म्हणून लिहायला बसले.

चौकात फ्लेक्स लागलाय. वीस बाय दहाचा. मधोमध माझा पासपोर्टवरचा फोटो, त्यात मी नुकतीच अटक झाल्यासारखी दिसते. भोवती चौदा मुंडकी, त्यातली अकरा मी जन्मात पाहिलेली नाहीत. सगळ्यात मोठं मुंडकं कोंडाजी काकांचं, गॉगलसकट. नानांचे धाकटे भाऊ, एकेकाळचे उपसरपंच, आणि हा सगळा उपद्व्याप त्यांचाच. 'गावची शान डॉ. स्नेहल सावळीराम विधाते, परदेशातून डॉक्टर होऊन आल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' आणि खाली, 'लवकरच आपल्या सेवेत.'

"काका, उतरवा तो."

"का गं? फोटो चांगला नाय आला?"

"मी अजून डॉक्टर नाहीये!"

"पास झाली ना?"

"परीक्षा पास झाले. आता इंटर्नशिपची जागा मिळायची, मग वर्षभर ती करायची, मग नोंदणी. तोवर नावापुढे डॉक्टर लावायचं नाही, कोणाला गोळीसुद्धा द्यायची नाही. गुन्हा होतो."

"ते तू कर की. आम्ही काय आडवं येतोय?"

कप्पाळ! सहा वर्षं किरगिझस्तानात बर्फ तुडवला. परत आल्यावर इथली परीक्षा दोनदा नापास झाले, तेव्हा गावातले हेच लोक 'ती तिकडची डिग्री तसलीच असती' म्हणत होते. जानेवारीत तिसऱ्या खेपेला पास झाले. सत्ताविसावं सरेल आता. मला फक्त एक जागा हवीय, कुठल्याही सरकारी रुग्णालयात, एक वर्षासाठी. ती या फेरीत नाही मिळाली तर पुढची फेरी कधी, ते कोणालाच माहीत नाही.

संध्याकाळी लंकाबाई आल्या. आमच्या मळ्याला लागून त्यांचं वावर. ओट्यावर बसल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत ओढलं आणि म्हणाल्या, "बघ."

"आजी, मला बघता येत नाही."

"डोळ्याला काय झालं तुझ्या?"

मग अर्धा तास नोंदणी म्हणजे काय ते समजावलं. ऐकून घेतलं सगळं आणि शेवटी म्हणाल्या, "हात लावून बघाया काय जातं तुझं?" मी नाही लावला. उद्या सगळं गाव रांगेत उभं राहील.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

ऑनलाइन अर्ज. एकोणीस कागद. फोटो पन्नास केबीच्या आत, सही वीसच्या आत, आणि किरगिझ भाषेतल्या पत्राचं इंग्रजी भाषांतर दोन एमबीच्या आत, पण वाचता आलं पाहिजे. सगळं चढवलं, शेवटचं बटण दाबलं आणि पान गायब. पुन्हा पहिल्यापासून.

तीनदा केलं. चौथ्यांदा गेलं. आईनं चहा आणून ठेवला होता, त्यावर साय आली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

अधिवासाचा दाखला हवा म्हणून नाशिकला जायचं होतं, पण गाडी आमच्या मळ्यातल्या गुलाबांना लागलेली. परवा व्हॅलेंटाइन. जगात लोक एकमेकांना गुलाब देतात, आमच्या घरात या आठवड्यात कोणी कोणाशी धड बोलत नाही. पहाटेपासून तोडणी, मग काटे काढा, वीस-वीसची गड्डी बांधा, कागदात गुंडाळा. माझी बोटं बघून कोणी म्हणणार नाही की हिला शस्त्रक्रिया शिकवली होती.

फुलं घ्यायला आलेल्या व्यापाऱ्यानं मनगट पुढे केलं. "डॉक्टर, जरा नाडी बघा." मी त्याच्या हातात गड्डी दिली.

आई नंतर म्हणाली, "एवढं तुटक बोलू नये गं. माणसं नावं ठेवू राहिली, स्नेहल लय भाव खाते म्हणून."

खाते. करू काय?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज अर्ज शेवटी गेला. पोचपावती आली. एवढंच चांगलं लिहायला होतं, पण दिवस भलतीकडेच गेला.

दुपारी भिका गुलाबावर फवारणी करत होता. भिका आणि त्याची बायको यशोदाबाई, पेठ तालुक्याकडची माणसं, चार वर्षांपासून आमच्या मळ्यात राहतात. नानांनी दहादा सांगितलंय, तोंडाला बांध, उन्हाचं मारू नको. ऐकेल तर शपथ. यशोदाबाई ओरडत आली. जाऊन बघते तर हा बांधावर आडवा, तोंडातून लाळ, घामानं निथळलेला, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

कपडे फाडून काढले, पाइप लावून साबणानं धुतला, कुशीवर वळवला, तोंड मोकळं केलं. नाशिकच्या सरकारी रुग्णालयात न्यायला नानांनी टेम्पो काढला. मी मागे त्याची हनुवटी धरून बसले. औषधाची बाटली बरोबर घेतली, म्हणजे काय अंगात गेलंय ते तिथल्या डॉक्टरांना कळावं. वाटेत हातात इंजेक्शन नाही, काही नाही. काय द्यायचं, किती द्यायचं, सगळं पाठ, आणि मी नुसती "श्वास घे रे, घे रे" म्हणतेय. संताप संताप झाला. तीन परीक्षा कशासाठी दिल्या मग?

वाचला. चार-पाच दिवसांत सोडतील. यशोदाबाई माझे पाय धरायला लागली, तिलाही ओरडले. मी काय केलं? अंघोळ घातली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

यादी लागली! नाशिकच्या रुग्णालयात परदेशातून शिकून आलेल्यांसाठी नऊ जागा, माझा नंबर सातवा. सातवा! नाना उठून गुलाबाला पाणी द्यायला गेले. आज पाण्याची पाळी नव्हती.

यादीवर 'तात्पुरती' असं लिहिलंय. दहा मार्चला कागदपत्रं तपासणार, सतरा तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत रुजू व्हायचं. नाही झालं तर जागा दहाव्याला. हे मी काकांना वाचून दाखवलं, तिथेच चुकलं.

"तात्पुरती म्हंजे काय, ते मला विचार," काका म्हणाले. "तात्पुरती म्हंजे वशिला लागतो."

"काका, काही लागत नाही. कागद लागतात."

"कागदच म्हणतोय मी."

आजचा सुविचार, 'आपली माणसे हीच आपली खरी संपत्ती.' खाली बुरशीनाशक.

२ मार्च, रविवार

काका सकाळपासून वही घेऊन गावभर हिंडताहेत. आमच्या ओट्यावर पण माणसं बसवली, आईनं दोन पातेली चहा केला. शाईचा पॅड कुठून आणला कोण जाणे, सतरंजीवर अंगठ्याचे डाग. मी विचारलं, कसल्या सह्या? काका म्हणाले, गावचं काम हाय. आई एकदम म्हणाली, "तू आत जा, तुझे कागद बघ." पाण्याच्या टाकीचा अर्ज असेल. दर उन्हाळ्यात निघतो.

लंकाबाई पण आल्या होत्या, अंगठा देऊन निघाल्या. जाताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नाय बघितला तरी दिला बरं का." मला काही कळलं नाही. म्हातारीला ऊन लागलं असेल.

१० मार्च, सोमवार

एकोणीसच्या एकोणीस कागद बरोबर निघाले. मला सुखानं घरी येऊ दिलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही. रुग्णालयाच्या कार्यालयात उज्वला मॅडम म्हणून आहेत, चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज कायम वरच्या पट्टीत. प्रत्येक कागदाला "ओरिजिनल?" ओरिजिनल दाखवला की तो उन्हाला धरून बघतात. शेवटी सगळ्या फाइलीवर हात ठेवून म्हणाल्या, "गावात काही बघता-बिघता का तुम्ही? पेशंट?"

"नाही."

"विचार करून सांगा."

"त्यात विचार काय करायचा? नाही."

फाइल बंद करून म्हणाल्या, जा. सही केली नाही, शिक्का मारला नाही. विचारलं तर म्हणे, साहेबांकडे आहे. साहेब कुठे आहेत? रजेवर. माणसाला टांगून ठेवायची यांना हौसच असते.

११ मार्च, मंगळवार

संध्याकाळी साडेसहाला फोन, कुठल्याशा मोबाइलवरून. उज्वला मॅडम. "उद्या सकाळी दहाच्या आत या. कोणाला बरोबर आणू नका." कार्यालयाच्या वेळात, कार्यालयाच्या फोनवरून बोलायला काय धाड भरली होती? उगाच जिवाला घोर.

१२ मार्च, बुधवार

आज काय झालं ते जसंच्या तसं लिहिते.

मॅडमनी ड्रॉवर उघडला. त्यात त्यांचा जेवणाचा डबा, डब्याखाली एक जाडजूड पत्र. आवक नंबर नाही, तारखेचा शिक्का नाही, मॅडमच म्हणाल्या, सहा दिवस तसंच पडलेलं. असला यांचा कारभार! मी वाचायला घेतलं.

'आम्ही खाली सह्या करणारे ग्रामस्थ लिहून देतो की, डॉ. स्नेहल या गेली दोन वर्षे आमच्या गावात रुग्ण तपासत असून त्यांच्या हाताला गुण आहे. आमचे ताप, खोकला, शुगर, बीपी व गुडघे त्यांच्या उपचाराने बरे झाले आहेत. भिका यास तर त्यांनी मरणाच्या दारातून परत आणले. तरी मायबाप सरकारने त्यांची इंटर्नशिप माफ करावी, अथवा जवळच्या जवळ द्यावी, ही नम्र विनंती.'

खाली त्रेचाळीस सह्या आणि अंगठे. सोबत फ्लेक्सचा रंगीत फोटो. शेवटी काकांच्या अक्षरात, 'प्रत माहितीसाठी : मा. अधीक्षक साहेब.'

इंटर्नशिप माफ करावी! कर्ज आहे का ते?

"हे शिफारसपत्र आहे," मी म्हणाले.

"मला कळतंय काय आहे ते," मॅडम म्हणाल्या. "पण कागदावर हा कबुलीजबाब आहे. नोंदणी नसताना दोन वर्षं प्रॅक्टिस, त्रेचाळीस साक्षीदार. हे मुंबईला वैद्यकीय परिषदेकडे गेलं तर जागा तर जाईलच, नोंदणीचंही काही सांगता येत नाही. माझ्याकडचं हे असं पडलंय. पण दुसरी प्रत तुमच्या काकांनी साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. साहेबांनी जाता जाता वाचली. सोमवारी ते येतील, तेव्हा या लोकांनी खरं काय ते समोर सांगायचं आणि लिहून द्यायचं."

"सोमवारी पाचपर्यंतच रुजू व्हायचंय!"

"म्हणून तर बोलावलं. उद्या होळी, परवा धूलिवंदन, मग शनिवार-रविवार. घाई करा."

मी आभारसुद्धा न मानता निघाले. कशाचे मानायचे? सहा दिवस आधी सांगितलं असतं तर!

बसमध्ये आठवलं. 'एकही पेशंट नाही' असं मी ठणकावून सांगितलं होतं. मग भिका कोण?

१३ मार्च, गुरुवार, होळी

घरात होळी सकाळीच पेटली.

मी एवढं कधीच कोणाला बोलले नव्हते. काका खाटेवर बसलेले, गॉगल कपाळावर, तोंड एवढंसं. "मला वाटलं, गाव पाठीशी आहे हे कळू दे त्यांना. नायतर तुला टाकतील गडचिरोलीला," एवढंच म्हणत राहिले. मी म्हटलं, गडचिरोलीला टाकलं असतं तर नाचत गेले असते, आता तर कुठेच टाकत नाहीत!

तेव्हा आई म्हणाली, "त्यांना नको बोलू. सह्यांचं मीच सुचवलं."

मला वाटलं, डोक्यावर पत्राच पडला. आई! जिनं सहा वर्षं रोज व्हिडिओ कॉलवर फक्त 'जेवली का' एवढंच विचारलं.

"तू परत लांब गेली असती ना," ती म्हणाली आणि पुरणाकडे वळली. पुरण लागलं होतं खाली. तेच वाढलं. जेवलो.

१५ मार्च, शनिवार

काल रंगाच्या दिवशीच घरोघर फिरले. काकांचा उपाय तयारच होता, "त्यात काय! परत सह्या घेऊ, या वक्ताला उलट्या."

माणसं चिडली, आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. "आधी म्हंता बघती, आता म्हंता बघत नाय. नक्की काय लिहू राहिले तुम्ही?" एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, "तुझ्यासाठी खोटं बोललो, तर आम्हालाच खोटारडं पाडती व्हय?" पायऱ्या चढायच्या, हात जोडायचे, तेच तेच सांगायचं. ज्यांना नाडी बघायला नाही म्हटलं होतं, त्यांच्याच दारात आता मी उभी. तरी संध्याकाळपर्यंत बेचाळीस जण तयार झाले. सोमवारी नानांच्या टेम्पोतून जायचं.

लंकाबाईंनी विचारलं, "म्हंजे तू माझा गुडघा नाय बघितला, हे सायबाला सांगायचं?"

"हो आजी."

"ते मी बिनटेम्पोचं जाऊन सांगते."

१६ मार्च, रविवार

त्रेचाळिसावी सही यशोदाबाईची. ती ऐकायलाच तयार नाही.

"बाकीच्यांचं खोटं असंल," ती म्हणाली. "माझं खरं हाय. मी नाय पलटायची."

काकांनी समजावलं, आईनं समजावलं. यशोदाबाई खाली मान घालून गुलाबाच्या काड्या छाटत राहिली, हो नाही की नाही नाही. शेवटी काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "हिला नेऊच नको. बेचाळीस पुरे. एक कमी आली तर कोण मोजतंय? विचारलं तर सांगू, गावाला गेली."

आणि मी म्हणाले, बरं.

हे लिहायचं नव्हतं. पण या डायरीला तरी खरं सांगावं. मी 'बरं' म्हणाले आणि यशोदाबाईनं ऐकलं. ती पाच हातांवर तर होती.

१७ मार्च, सोमवार

क्रमानं लिहिते, नाहीतर काहीतरी सुटेल.

नऊला टेम्पो निघाला. फुलांच्या क्रेटवर माणसं बसलेली, नऊवारी, टोप्या, एक नातवंड. दहाला रुग्णालयात पोचलो, तर साहेब नुकते कुठे गावाहून निघालेले. बारा वाजले. एक वाजला. माणसांनी भाकरीची फडकी सोडली. सुरक्षारक्षक दोनदा येऊन विचारून गेला, मोर्चा आहे का? काका त्याला म्हणाले, मोर्चा नाय, साक्ष हाय. अडीचला साहेब आले. जेवायला गेले. सव्वातीनला बोलावलं.

अधीक्षक साहेब म्हणजे बारीक, थकलेला माणूस. पुढ्यात काकांची प्रत आणि फ्लेक्सचा फोटो. फोटोकडे बराच वेळ बघून म्हणाले, "तीन-चार जणांना आत घ्या. कोणीही."

कोणी ठरवायच्या आत लंकाबाई शिरल्या.

"आजी, या मुलीनं तुमच्यावर उपचार केले?"

"उपचार?" लंकाबाईंचा आवाज बाहेर व्हरांड्यापर्यंत गेला. "अहो सायेब, दीड महिना झाला हिच्या दारात गुडघा घेऊन बसते मी! हात म्हणून लावला नाय हिनं. एक बोट नाय! नोंदनी, नोंदनी, नोंदनी, दुसरं काय बोलंल तर शपथ. माझ्यापुढं जन्मली, माझ्या मांडीवर मुतली, आणि मला म्हणती मला बघता येत नाय. असली कसली डॉक्टर शिकवू राहिले तुम्ही?"

शिपाई तोंड फिरवून खोकायला लागला. साहेबांनी लिहून घेतलं. त्यांच्यामागून फुलांचा व्यापारी आला, त्याचीही सही होती, तो म्हणाला, नाडी बघा म्हटलं तर बाईनं हातात गड्डी दिली. आणखी एक जण म्हणाला, लय भाव खाते हो. माझ्याविरुद्ध एवढी गाऱ्हाणी मी पहिल्यांदाच आनंदानं ऐकली. आता सुटलो, असं वाटलं. घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

तेवढ्यात दारात यशोदाबाई. मागे भिका, अजून सुकलेला, बायकोच्या आडोशाला. फाट्यापर्यंत चालत येऊन बसनं आली होती.

"ही आमच्यातली नाय," काका पटकन म्हणाले. "चला बाई, चहा घेऊ बाहेर."

"थांबा," साहेब म्हणाले. "यांची सही आहे का कागदावर?"

"अंगठा हाय," यशोदाबाई म्हणाली. "हा माझा माणूस. फवारताना पडला. हिनं वाचवला. मी खोटं नाय बोलत, कोनी काय बी म्हणू दे." आणि रडायला लागली.

"तिला काय कळत नाय साहेब," काका म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघत होते. नाही म्हणाले असते तर चाललं असतं, हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसत होतं. बेचाळीस जण एका बाजूला, ही एकटी. आणि काल मीच तिला 'बरं' म्हणून बाहेर ठेवली होती. लाज वाटली मला. इतकी की पायाखाली बघून बोलले.

"ती खरं सांगतेय सर. मी गेल्या सोमवारी मॅडमना एकही पेशंट बघितला नाही असं सांगितलं, ते चूक होतं."

उज्वला मॅडम दाराशी उभ्या होत्या. त्यांनी चष्मा काढला.

"काय केलंत?" साहेबांनी विचारलं.

सांगितलं.

"बाहुल्या?"

"टाचणीच्या टोकाएवढ्या. लाळ, घाम, नाडी पन्नासच्या खाली."

"दिलंत काय?"

"काही नाही सर. माझ्याकडे काही नव्हतं. कपडे काढले, अंघोळ घातली, इथे आणलं."

साहेब माझ्या हातांकडे बघून म्हणाले, "हातमोजे घातले होते?"

"नाही."

"ते विष तुमच्याही अंगात गेलं असतं. पुढच्या वेळी घाला." आणि लिहायला लागले. लिहिता लिहिता म्हणाले, "माणसाला अंघोळ घालायला नोंदणी लागत नाही."

मग भिकाला जवळ बोलावून त्याच्या डोळ्यांत टॉर्च मारून बघितलं. यशोदाबाईला एका शब्दानं काही विचारलं नाही, पण शिपायानं तिला पाण्याचा ग्लास दिला, तो साहेबांनीच सांगितला होता.

चार पन्नासला कार्यालयात गेले. रुजू होण्याचा फॉर्म भरायचा म्हणजे अर्धा तास, आणि हातात दहा मिनिटं. तर उज्वला मॅडमनी भरलेला फॉर्मच पुढे सरकवला. नाव, पत्ता, रक्तगट, सगळं. फक्त सही बाकी. हा कधी भरला? मला न विचारता? या बाईचं काही कळतच नाही मला. सही केली. शिक्का मारताना म्हणाल्या, "उशीर करू नका उद्या. मी सांगून ठेवते, मला उशीर चालत नाही." आणि ते मूळ पत्र माझ्या पिशवीत कोंबलं. "हा कचरा घरी न्या."

टेम्पोत यशोदाबाई माझ्या शेजारी बसली होती. मी म्हटलं, "काल मी चुकले." ती म्हणाली, "बसा नीट, क्रेट हलतंय."

काकांनी वाटेत चौकात टेम्पो थांबवला आणि स्वतः शिडी लावून फ्लेक्स उतरवला. आता त्यानं कांद्याची चाळ झाकायची म्हणतात.

९ एप्रिल, बुधवार

तीन आठवडे लिहिलं नाही. वेळच नाही. इंटर्न म्हणजे सकाळी रक्त काढा, दुपारी रिपोर्ट आणा, संध्याकाळी कोणीतरी विचारतं तो रिपोर्ट कुठाय, तेव्हा तो तिसऱ्याच वॉर्डात असतो. ज्यासाठी तीन परीक्षा दिल्या ते हेच का, असं रोज वाटतं.

आज मेडिसिनच्या बाह्यरुग्ण विभागात बसले होते. रांग दरवाजाबाहेर. अकराला मागून आरडाओरडा. "मला दुसरा डॉक्टर नको! आमची हाय आत!" लंकाबाई. हातात केसपेपर, काखेत पिशवी. दोन बस बदलून, पहाटे निघून आल्या होत्या. स्टुलावर बसल्या, लुगडं वर ओढलं.

"बघ."

आणि माझ्या तोंडून काय निघालं? "आजी, हे मेडिसिन आहे. गुडघा सतरा नंबरला."

खरंच तसं आहे. गुडघ्याचा विभाग वेगळा. पण त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझाच राग आला. फेब्रुवारीपासून ही बाई मला एकच गोष्ट मागतेय. मी खुर्चीवरून उठले, खाली बसले आणि दोन्ही हातांनी गुडघा धरला. वाकवला, सरळ केला. आत करकर वाजत होतं, सूज होती, आतल्या बाजूला दाबलं की त्या ओठ चावत होत्या. इतकी वर्षं या गुडघ्यानं त्या वावरात खुरपत होत्या.

"गार हायेत गं तुझे हात," त्या म्हणाल्या.

"गोळी सरांना विचारूनच द्यावी लागेल आजी. मी अजून शिकतेय."

"विचार की. मी कुठं पळू राहिले?" मग जरा वाकून हळूच म्हणाल्या, "तो कागद हाय का तुझ्याकडं? अंगठ्याचा?"

होता. याच डायरीत घडी करून ठेवलाय, डायरी पिशवीत. "कशाला? तुमचा अंगठा आहे त्यावर आधीच."

"तो खोटा व्हता. आन इकडं."

रांगेतली माणसं बघत होती, सर समोरच्या टेबलावर होते. तरी मी कागद काढला. टेबलावरचा शाईचा पॅड त्यांनीच पुढे ओढला, अंगठा दाबला आणि पहिल्या ठशाच्या शेजारी दुसरा ठसा नीट, जोर देऊन उठवला.

"आता खरं झालं," लंकाबाई म्हणाल्या.

मग मी त्यांना हाताला धरून सतरा नंबरला सोडून आले. शाई पुसायला सिस्टरांकडून कापूस मागितला, तर त्या माझ्यावरच ओरडल्या.